मकतबमधल्या पोरांना अरबीची गोडी कशी लावावी? सल्ला पाहिजे

मकतब_मंगरूळपीर
सलाम सगळ्यांना. गावात मगरिबनंतर (सूर्यास्ताच्या नमाजनंतर) मकतब, म्हणजे कुराण-अरबीचा वर्ग, घेतो, सातवी-आठवीचे पोट्टे हायत, नाजरा (पाहून कुराण वाचणं) सगळ्यांचा झाला, कुराण धडाधड वाचतात पण अर्थ विचारला का गप्प. दिवसा मराठी शाळा, उर्दू बोलतात पण वाचता येत नाही अन् सर्फ-नहवची (अरबी व्याकरणाची) पुस्तकं इकडं मिळतात ती सगळी उर्दूत. गर्दान (क्रियापदाच्या रूपांचा तक्ता पाठ करणं) सुरू केली का हजेरी अर्धी होते, त्यात कापूस वेचणी, पोरं वावरातून थकून येतात. नमाजमध्ये काय म्हणतो ते त्यांनी समजून म्हणावं असं मले लय वाटते. पुस्तक, ॲप, काहीही सांगा.

कारंजा_आपा
वालेकुम सलाम भाई. पुस्तक नंतर, आधी जे पाठ आहे त्यातूनच शिकवा. मी मुलींना कुराणातल्या सूरह (अध्याय) काफिरूनपासून सुरू करते, सहाच आयती, सगळ्यांना तोंडपाठ. त्यात 'अअबुदु' म्हणजे मी इबादत (उपासना) करतो, 'तअबुदून' तुम्ही करता, 'आबिद' करणारा. मग सूरह फातिहातलं 'नअबुदु', आम्ही करतो. सूरह कुरैशमध्ये 'फलयअबुदू' आहे, त्यातला 'य' म्हणजे 'ते'. झालं, अलिफ, ते, नून, ये, मुजारेच्या (वर्तमान-भविष्यकाळी क्रियापदाच्या) चारही खुणा आल्या आणि नवीन काहीच रटायला दिलं नाही!
दुसरं, हजेरीपट काढा. फळ्यावर ह-म-द ही तीन अक्षरं लिहा आणि विचारा, कोणाच्या नावात आहेत? हामिद म्हणजे स्तुती करणारा, महमूद म्हणजे ज्याची स्तुती होते तो, आणि 'अलहम्दु' तर रोज म्हणतोच. मग नासिर-मनसूरची जोडी पोरं स्वतःच लावतात, फाइल-मफऊल (करणारा अन् ज्यावर क्रिया होते तो) वेगळं शिकवावं लागत नाही. स्वतःचं नाव निघालं की शेवटच्या रांगेतलं पोरगंही पुढं सरकतं, करून बघाच.

अकोट_हाफिज
आपाचं शंभर टक्के बरोबर. फक्त फळ्यावर अरबी अरबीतच लिहा भाऊ, देवनागरीत बडी हे अन् छोटी हे दोन्ही 'ह'च होतात, मखरज (अक्षराचा उच्चार) बिघडते अन् मग सुधरत नाही. अर्थ मात्र बिनधास्त मराठीत सांगा.
पुस्तक म्हणाल तर मदीना बुक, तीन भाग, मदीनेच्या इस्लामी विद्यापीठात बाहेरच्या देशातल्या पोरांसाठी केलेलं, लेखक डॉ. व्ही. अब्दुर रहीम, आपल्या तमिळनाडूतल्या वाणियंबाडीचे. पहिल्याच धड्यात 'हाजा बैतुन', हे घर. घर, मशीद, दार, कलम असे सोपे शब्द हायत, पोरांना बसवून ठेवू नका, उठून दाराला हात लावून बोलू द्या. धडे अरबीतच हायत, समजावायचं काम तुमचं. ॲपच्या भरवशावर राहू नका, घरात मोबाईल एक अन् तो बापाच्या खिशात.

मकतब_मंगरूळपीर
नावाचं आजच करतो, माझ्याकडं करीम अन् अक्रम दोघं सख्खे भाऊ हायत. पण आपा, मग गर्दान सोडूनच द्यायची का?

कारंजा_आपा
नाही हो, सोडू नका, मागून आणा. ओळखीचे शब्द आधी, तक्ता नंतर. द्विवचन बघा, मराठीत नाही म्हणून तक्त्यात पोरं तिथंच अडतात. पण सूरह रहमानमध्ये 'रब्बिकुमा' ३१ वेळा येतं, 'कुमा' म्हणजे तुम्हा दोघांचा, एकदा सांगितलं की दर वेळी कानावर पडतं आणि पक्कं होतं. वेचणी संपेपर्यंत रोज एकच शब्द घ्या, थकलेल्या पोराला जास्त नको. आणि करीम-अक्रमची मूळ तीन अक्षरं (ह-म-दसारखी) त्यांनाच शोधू द्या, तुम्ही सांगू नका.