मदत हवी आहे: तळोज्याचा फ्लॅट तोट्यात विकू की थांबू? लवकर सांगा

घोडबंदरकर_७८:
इन्व्हेस्टमेंट म्हणून तळोज्यात वन बीएचके घेतला होता, पझेशनचा पत्ता नाही, दर महिन्याला सतरा हजार बँकेला जातायत आणि एक माणूस २७ लाखाला घेतो म्हणतोय. देऊन टाकू का? शनिवारपर्यंत त्याला सांगायचंय. "आधी चौकशी करायला हवी होती" वगैरे नको प्लीज, ते घरी रोज ऐकतोय.

निवांत_पाटील:
अहो दादा, किती भरलेत, बुकिंग कधीचं, करार रजिस्टर आहे का, काहीच नाही लिहिलंत. २७ लाख बरे की वाईट हे आम्ही कसं ओळखायचं?

घोडबंदरकर_७८:
सॉरी. २०१९ चं बुकिंग, किंमत ३८ लाख, ३१ भरले. ७ माझे, २४ लोनचे. करार रजिस्टर आहे, असणारच ना.

उलवेप्रेमी:
अजिबात विकू नका!! एअरपोर्ट झालं, पेंधरपर्यंत मेट्रो २०२३ पासून धावतेय. माझ्या साडूने उलव्यात घेतलेला, आज भाव दुप्पट.

निवांत_पाटील:
साडूच्या बिल्डिंगला ओसी, म्हणजे राहायला परवानगीचा दाखला असेल. यांची उभी तरी आहे का?

घोडबंदरकर_७८:
रविवारी जाऊन आलो. चौदातले नऊ स्लॅब, दोन वर्षं तिथेच. वर आलेल्या सळ्या गंजून लाल झाल्यात, वॉचमनच्या बायकोने त्यांना दोरी बांधून कपडे वाळत घातलेत. क्रेन पण नेली.

कागदवाचक:
करारात पझेशनची तारीख काय आहे? महारेराच्या (बिल्डरांवर देखरेख ठेवणारं सरकारी प्राधिकरण) साइटवरची वाढवलेली नाही, करारातली. २०१७ सालीच मुंबई हायकोर्टाने सांगितलंय की विलंब करारातल्या तारखेपासून मोजायचा. रेरा कायद्याच्या कलम १८ खाली दोन रस्ते आहेत, पैसे व्याजासकट परत मागा, नाहीतर फ्लॅट ठेवून ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज मागा. दर स्टेट बँकेचा सगळ्यात वरचा एमसीएलआर (कर्जाच्या व्याजाचा आधारदर) अधिक २ टक्के, म्हणजे ३१ लाखावर महिन्याला पंचवीस हजारांच्या वर. तक्रारीची फी ५००० रुपये.

तलावपाळीचा_काका:
व्याज मिळतं ते कागदावर. माझ्या मेव्हणीकडे ऑर्डर आहे, वसुली वॉरंट कलेक्टर ऑफिसला गेलंय, ते तिथेच मुक्कामाला. मी म्हणतो सोडा हे, कर्जतला प्लॉट घ्या, जमीन कुठे पळून जात नाही.

कागदवाचक:
काका, एका फ्लॅटमध्ये अडकलेल्याला प्लॉट काय सांगताय? वॉरंटला वेळ लागतो हे खरं, पण बिल्डरच्या नावावर विकायला दुसरं काही असेल तर वसूल होतं. महारेराच्या साइटवर त्याचे बाकीचे प्रोजेक्ट आणि चालू खटले दिसतात, आधी ते बघा.

सीए_नाही_पण:
विकलात तर लाँग टर्म भांडवली तोटा पुढच्या नफ्यातून वजा करायला ८ वर्षं पुढे नेता येतो, रिटर्न वेळेत भरा म्हणजे झालं.

निवांत_पाटील:
हो, पण तो फक्त लाँग टर्म गेनमधून वजा होतो, पगारातून नाही. यांच्याकडे गेन कुठला, वॉचमनच्या दोरीवर?

मानपाडा_रोड:
घोडबंदरवरून तळोज्याला जायला किती वेळ लागतो हो? शिळफाट्याला सकाळी ट्रॅफिक असतं का?

घोडबंदरकर_७८:
तारीख ३१ मार्च २०२३. अजून एक सांगायचं राहिलं. बिल्डर म्हणतो वर ९ लाख भरा, उलव्याच्या दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये शिफ्ट करतो. बायकोचं सोनं गहाण ठेवून जमेल, म्हणजे झालेलं नुकसान तिथे भरून निघेल असं वाटतंय. पत्रावर सही करायचीय.

उलवेप्रेमी:
उलवे!! घ्या घ्या!

कागदवाचक:
थांबा. पत्रात "जुन्या करारातील कोणताही दावा राहणार नाही" असं काही आहे का?

घोडबंदरकर_७८:
सहाव्या मुद्द्यात आहे.

कागदवाचक:
मग सही केलीत की कलम १८ चा हक्क जाऊ शकतो, आणि सोन्याचे पैसेही त्याच बिल्डरकडे. गेलेले पैसे त्याच माणसाकडून परत मिळवायला नवे पैसे देऊ नका. आणि २७ लाखवाल्याकडून तुम्हाला बँकेचं फेडून ३ लाख उरतील, त्यातून ट्रान्सफर चार्जेस वेगळे. हा माणूस भेटला कुठे? नवव्या स्लॅबवर अडकलेला फ्लॅट कोणी सहज विचारत नाही.

घोडबंदरकर_७८:
त्याचा नंबर साइट ऑफिसमधल्या पोरानेच दिला होता.

निवांत_पाटील:
आता कळलं.

घोडबंदरकर_७८:
मलाही. त्याला शनिवारचं नाही म्हणून कळवलं. माझ्याबरोबरच्या अजून सात-आठ जणांचे नंबर आहेत, रात्री फोन करतो. एकत्र तक्रार करता येते का?

मानपाडा_रोड:
शिळफाट्याचं कोणी सांगेल का?