मदत हवी आहे: रेट्रो बास्केटबॉल शूज, लुक बघू की आराम?

मंडळी, बजेट फार तर पाच हजार आणि डोकं पार भंजाळलंय. मला ते ८०च्या दशकातल्यासारखे दिसणारे पांढरे, जाड सोलचे शूज हवेत. खेळायला नाही हो, खेळायचं असतं तर इथे इंदूरला रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्सवर जाऊन कोणालातरी विचारलं असतं, मला दिवसभर काउंटरला उभं राहायचंय आणि रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत भटकायचंय, बस.

नायकीचा कोर्ट व्हिजन घालून बघितला, दिसायला अगदी त्यांच्याच जुन्या एअर फोर्स १ शूजचा धाकटा भाऊ, पण १९८२च्या त्या ओरिजिनलमध्ये टाचेखाली एअर (हवा भरलेली गादी) होती, ह्यात नुसता फोम. शिवाय बाजूची रबरी कड वरपर्यंत शिवलेली, त्यामुळे पाऊल पटकन वाकतच नाही. प्यूमाचा रिबाउंड आतून मऊ वाटला पण लुक जरा... काकांना आवडेल असा. आदिदासचा हूप्स बरा आहे पण माझा पंजा रुंद, करंगळीपाशी दाबतो, आणि अर्धा नंबर मोठा घेतला की टाच सटकते.

मन कोर्ट व्हिजनवरच अडकलंय, खोटं कशाला बोलू.

तर कोणी रोज वापरत असाल तर सांगा ना, वापरून वापरून सैल पडतो का? आतला इनसोल काढून जाड जेलवाला टाकला तर टाच वर येऊन शूजची कॉलर (घोट्याजवळची कड) घासते का? आणि इंदूरच्या मे महिन्यात ह्या सिंथेटिक लेदरमध्ये पाय उकडतात का? इथे चांगले इनसोल कुठे मिळतात तेही सांगा, राजवाड्याच्या आसपास असेल तर फारच छान.