भावाला शब्द दिलेलं पाणी गावाला सोडलं. चुकलं का?

बांधावरचा: घनसावंगी तालुका. फेब्रुवारीत चुलतभावाकडून आगाऊ पैसे घेतले, उन्हाळाभर त्याच्या मोसंबीला पाणी देतो म्हणून. मे महिन्यात बोअर जेमतेम दोन तास चालायला लागला, त्यात टँकर आठ दिवस फिरकला नाही. सगळं पाणी वस्तीच्या हौदात सोडलं. बाग वाळली. आता भाऊ बांधावर दिसला की मान फिरवतो.

गोदाकाठ: काहीच चुकलं नाही. पैठणच्या नाथांनी रामेश्वराला न्यायची गंगेची कावड तहानेल्या गाढवाला पाजली, तुम्ही तर लेकराबाळांना पाजलं. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलनं १८६१ मध्ये लिहिलंय, जीव वाचवायला अन्न-औषध चोरणंही कर्तव्य ठरू शकतं.

रिटायर मास्तर: कावड नाथांची होती, नेम नाथांचा होता. इथं पाणी विकलेलं! जर्मन तत्त्वज्ञ कांट (१७८५) विचारतो, तुमचा नियम सगळ्यांनी धरला तर? अडलं की शब्द मोडायचा असं ठरलं, तर पुढच्या वर्षी आगाऊ पैसे देणार कोण?

गोदाकाठ: मास्तर, ‘देणार कोण’ ही तर परिणामांचीच भाषा. मिल परिणामांवरूनच चूक-बरोबर ठरवतो. आलात की त्याच्या वावरात.

रिटायर मास्तर: बोलण्यात घसरलो, कबूल. कांटचा मुद्दा नुकसानीचा नाहीच. सोयीनं मोडायचा शब्द हा शब्दच उरत नाही, एवढंच. शिवाय वचन पाळणं त्याच्या लेखी पूर्ण कर्तव्य, म्हणजे सोयीनं सूट नाही. मदत अपूर्ण, म्हणजे कुणाला किती करायची याला मोकळीक.

गोदाकाठ: तहानेल्याला मोकळीक सांगून बघा मे महिन्यात.

चुलीपुढची: दामाजीपंत राहिलेच की. मंगळवेढ्यात त्यांनी बादशहाचं धान्य वाटलं, म्हणजे दुसऱ्याचंच. पण शिक्षा आपल्या अंगावर घेतली. भरपाई करायला विठ्ठल आला म्हणतात, ते सोडा. इथं पाणी पिलं गाव आणि बाग गेली एकट्याची. नवी लावली तर फळाला पाच-सहा वर्षं. वर्गणी काढायला कुणी उठलं का? आणि दादा, पाणी सोडायच्या आधी भावाला विचारलं होतं का?

बांधावरचा: नाही विचारलं. नाही म्हणला असता तर काय करणार होतो?

चुलीपुढची: निदान त्याला हो म्हणायची संधी तरी मिळाली असती. पैसे दिले परत?

बांधावरचा: बियाण्यात गेले. कापूस निघाला की देतो म्हणून सांगितलंय.

चुलीपुढची: म्हणजे परत शब्दच दिला.