भूतानचा थर्माकोल नमुना: हवामानाचे पट्टे कुठं तोडायचे?

निपाणीचे सर
नववीची मुलं प्रदर्शनासाठी भूतानचा उठावाचा नमुना करायलेत. तीन आडवे पट्टे रंगवून झाले: खाली उष्ण, मध्ये समशीतोष्ण, वर बर्फ. पण पुनाखा थिंफूच्या उत्तरेला असून तिथं केळी, संत्री, भात होतो. मग पट्टे चुकले का? आणि उंचीचं प्रमाण काय धरावं?

खानापूर भूगोल
पट्टेच चुकलेत, सर. रंग उंचीनं द्या. 2,000 मीटरपर्यंत उपोष्ण, 4,000 पर्यंत समशीतोष्ण, त्यावर अल्पाइन, म्हणजे उंच डोंगरावरचं अतिथंड हवामान. थिंफू साधारण 2,300 मीटर, मधली दोचुला खिंड 3,100 आणि पलीकडं पुनाखा जेमतेम 1,250. हजार मीटर चढलं की तापमान साडेसहा अंशांनी उतरतं असं धरा, खिंडीतून पुनाख्यात उतरेपर्यंत 12 अंश वाढले! त्यामुळं खालचा हिरवा रंग नदीच्या खोऱ्यांतून बोटांसारखा पार आत घुसलेला दिसला पाहिजे.

दक्षिणोत्तर देश साधारण 170 किमी. 1 सेंमीला 2 किमी घेतले तर लांबी 85 सेंमी. त्याच मापानं देशातलं सर्वांत उंच शिखर गांगखार पुएनसुम (7,570 मी.) पावणेचार सेंमीच भरतं, डोंगर दिसायचेच नाहीत. उंची पाचपट करा, म्हणजे इंचभर जाडीच्या थर्माकोल शीटचा एक थर बरोबर हजार मीटरचा. पुनाखा पहिल्या थरावर, थिंफू दुसऱ्या, दोचुला तिसऱ्या. ‘उंची पाचपट’ असं पाटीवर लिहायला विसरू नका.

चिकटवायला फेव्हिकॉल, वर वजन ठेवून रात्रभर. रबर सोल्युशन, ऑइल पेंट, स्प्रे यांनी थर्माकोल वितळतो.

अथणीकर
पावसाला वेगळी खूण करा, रंगात मिसळू नका. आपल्याकडं घाटातल्या कणकुंबीला धो धो आणि अथणीला कोरडं, तसंच तिथं. बंगालच्या उपसागराचं बाष्प दक्षिणेच्या पहिल्या रांगांवरच रितं होतं. दक्षिण सीमेवरच्या फुंटशोलिंगच्या बाजूला वर्षाला 3,000 मिमीच्या वर, तर आतल्या थिंफूला त्याचा जेमतेम चौथा हिस्सा.

फरक एकच: आपल्याकडं घाट ओलांडला की पूर्वेला पाऊस कमी कमीच होत जातो. तिथं आतली प्रत्येक उंच धार पुन्हा ढग अडवते. दोचुलावर धुकं, शेवाळलेली झाडं. खाली पुनाख्याच्या उतारावर चीड पाइनची झाडं. म्हणून धारेवर निळ्या टाचण्या दाट लावा आणि खोऱ्याच्या तळाला विरळ.

निपाणीचे सर
2,000 ची रेषा उद्या मुलांकडून नव्यानं काढून घेतो. पुनाख्याचं खोरं किती रुंद कापू?

खानापूर भूगोल
1 सेंमीपेक्षा जास्त नको. मुलं कटर चालावा म्हणून रुंद कापतात, मग खोऱ्याचं मैदान होतं.