मदत हवी आहे: कृष्णेच्या पाणीवाटपात कमी पावसाच्या वर्षी काय होतं?

नमस्कार मंडळी, कृष्णा पाणी तंटा लवादाबद्दल वाचतोय आणि एका ठिकाणी गाडी अडलीये. पहिल्या म्हणजे बच्छावत लवादाने 75 टक्के विश्वासार्हतेचं 2060 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी धरून महाराष्ट्राला 560, कर्नाटकला 700 आणि तेव्हाच्या आंध्रला 800 असं वाटप केलं, इथपर्यंत क्लिअर आहे. 75 टक्के म्हणजे शंभरातल्या साधारण 75 वर्षी तेवढं पाणी येणार, मग उरलेल्या 25 वर्षांत तूट कोणी सोसायची? वरच्या राज्याने आधी आपली धरणं भरून घ्यायची की सगळ्यांनी प्रमाणात कमी घ्यायचं? मला तर प्रमाणातच योग्य वाटतं, नाहीतर खालच्या टोकाच्या शेतकऱ्याच्या हातात फक्त कागदावरचा आकडा राहतो आणि हे फार वाईट आहे.

दुसरं म्हणजे कृष्णेच्याच दुसऱ्या, ब्रिजेश कुमार लवादाने 2010 मध्ये 65 टक्के विश्वासार्हता आणि सरासरी प्रवाह धरून वाटप वाढवलं, महाराष्ट्र 666 वर गेला, पण सुप्रीम कोर्टात प्रकरण अडकल्यामुळे तो निवाडा राजपत्रात आला नाही. आता 1956 च्या आंतरराज्य नदी पाणी तंटा कायद्याप्रमाणे राजपत्रात आल्यावरच निवाडा बंधनकारक होतो ना? आणि राज्यघटनेच्या कलम 262 खाली संसदेला अशा तंट्यात कोर्टाने पडायला मनाई करता येते, तशी ती केलेलीही आहे, मग राज्यं कोर्टात जातात ती कुठल्या आधारावर?

पाटबंधारे खात्यातलं किंवा कायद्यातलं कोणी असेल तर प्लीज सोप्या भाषेत सांगा, तूट वाटपाचा मुद्दा आधी.