घरी जाऊन एचआयव्ही तपासणी: पट्टी वाचली, पण पुढे माणूस केंद्रात पोहोचत नाही

फिरतीवर:
घरोघरी तपासणी करणाऱ्या गटासाठी विचारतोय. पट्टीवरची टी (टेस्ट) रेषा, म्हणजे संसर्गाचा संकेत देणारी, कधीकधी इतकी फिकट येते की दोन कार्यकर्त्यांचं एकमत होत नाही. अशी रेषा धरायची की नाही? दुसरं, रिअॅक्टिव्ह (टी रेषा उमटलेली) टेस्ट आलेल्याला तिथल्या तिथे काय सांगावं? आणि चिठ्ठी देऊन पाठवलेले बरेच जण एआरटी (एचआयव्हीवरचा औषधोपचार) केंद्रात जातच नाहीत, त्यावर काय करता येतं?

लॅबवाला:
फिकट का असेना, दिसली म्हणजे रिअॅक्टिव्ह. अट एकच, ती ठरलेल्या वेळात दिसलेली हवी. तोंडातल्या स्रावावरच्या एका प्रचलित किटची वाचायची वेळ २० ते ४० मिनिटं आहे, बोटाच्या रक्तावरच्या अनेक किटची १५ मिनिटांच्या आसपास. नेमका आकडा त्या त्या पत्रकात बघा. चार घरं करून परत येऊन वाचलेली पट्टी बाद समजा. पट्टी वाळली की नसलेली रेषाही उमटू शकते. घड्याळ लावा, अंदाज नको.

आता घोळ कुठे होतात ते. स्पिरिट वाळायच्या आत टोचलं जातं. पहिला थेंब पुसला जात नाही. बोट पिळून पिळून रक्त काढलं जातं, त्यात उतींमधलं पाणी मिसळून नमुना पातळ होतो. हात गार असेल तर आधी चोळा, खाली लोंबता ठेवा आणि बोटाच्या कडेला टोचा. एका किटचा बफर (सोबत येणारं द्रावण) दुसऱ्याला कधीच वापरू नका. बहुतेक किट २ ते ३० अंशांत ठेवायची असतात. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ती काही तासांत वाया जातात. पाकीट टोचायच्या अगदी आधी फोडा, दमट हवेत पट्टी ओल धरते.

तोंडाच्या किटला थुंकी चालत नाही. वरच्या हिरडीवरून एकदा आणि खालच्या हिरडीवरून एकदा पट्टी फिरवायची, त्याआधी १५ मिनिटं खाणंपिणं बंद.

सी (कंट्रोल) रेषा, म्हणजे पट्टी नीट चालली हे दाखवणारी, नसेल तर टेस्ट रद्द, नव्या किटवर पुन्हा करा. पण सी आली म्हणून रक्त पुरेसं पडलं असं धरू नका. बऱ्याच किटमध्ये नुसत्या बफरवरही ती उमटते.

समुपदेशक:
घरातल्या एका पट्टीवर ‘तुम्हाला एचआयव्ही आहे’ असं म्हणू नका. ‘या टेस्टवर रेषा आली आहे, पक्कं करायला आणखी टेस्ट लागतील’ एवढंच सांगा. हिशेब करून बघा. हजारात ५ जणांना संसर्ग आहे आणि टेस्टची विशिष्टता (संसर्ग नसलेल्यांना बरोबर निगेटिव्ह दाखवण्याचं प्रमाण) ९९.५ टक्के. खरे ५ रिअॅक्टिव्ह येतील आणि खोटेही जवळपास ५. म्हणजे निम्मे चुकीचे! जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ पासून वेगवेगळ्या तीन किटवर लागोपाठ रिअॅक्टिव्ह आल्यावरच निदान पक्कं करायला सांगितलं आहे, ते याचसाठी.

टोचण्याआधी एकांतात विचारा: एआरटीच्या किंवा प्रेपच्या (संसर्ग होऊ नये म्हणून आधीच घ्यायच्या) गोळ्या चालू आहेत का? त्यांच्यामुळे टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते. शिवाय ‘नवीन’ म्हणून नोंदलेले काही जण आधीपासून उपचारावर असतात. १८ महिन्यांखालच्या बाळावर ही पट्टी वापरून निदान होत नाही, त्यात आईकडून आलेली प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) दिसतात.

निगेटिव्ह आला पण गेल्या तीन महिन्यांत जोखीम झाली असेल तर पुन्हा तपासा. जोखीम ७२ तासांच्या आतली असेल तर पट्टीत वेळ घालवू नका, पेपसाठी (जोखमीनंतर संसर्ग टाळायचं औषध) लगेच पाठवा.

फिरतीवर:
नवरा-बायको एकत्र बसले असतील तर?

समुपदेशक:
आधी दोघांना वेगवेगळं विचारा: निकाल एकत्र ऐकायचा आहे का? मारहाणीची भीती आहे का? एकाने जरी कां-कूं केलं तरी निकाल स्वतंत्र सांगा.

एआरटी डेस्क:
चिठ्ठी देणं म्हणजे जोडणी नव्हे. नोंदवहीत तीन रकाने करा: चिठ्ठी दिली, पोहोचला, पहिली गोळी घेतली. गळती कोणत्या रकान्यात होते ते महिन्याभरात कळतं.

ज्याला काहीच त्रास नाही, तो रोजगार बुडवून रांगेत का उभा राहील? आणि केंद्राच्या दारात ओळखीचं कुणी भेटलं तर? म्हणून जाण्याचा दिवस आणि वेळ ठरवून द्या, जमल्यास सोबत जा, लांबचं केंद्र हवं असेल तर तेही सुचवा. आफ्रिकेतल्या लेसोथो देशातल्या एका अभ्यासात घरीच त्याच दिवशी औषध देऊ केलेल्यांपैकी तीन महिन्यांत ६८.६ टक्के केंद्राशी जोडले गेले, नेहमीच्या चिठ्ठीने ४३.१ टक्के. नियम परवानगी देत असतील तर हा मार्ग उत्तम, अर्थात निदान पक्कं झाल्यावरच. मात्र खोकला, ताप, रात्रीचा घाम, वजन घटणं ही टीबीची लक्षणं विचारल्याशिवाय नाही. तीव्र डोकेदुखी किंवा मान आखडली असेल तर औषध सुरू न करता आधी दवाखाना. मेंदूज्वर असेल तर घाईने सुरू केलेली एआरटी जिवावर बेतू शकते.

डोल्यूटेग्राव्हिर (एआरटीतलं एक औषध) असलेली गोळी सुरू केली तर अॅल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असलेल्या ॲसिडिटीच्या औषधाबद्दल (अँटासिड) सांगा: ही गोळी त्याच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर.

फोन नंबर घेताना तो कुणाच्या हातात असतो तेही लिहून घ्या. दुसऱ्याने उचलला तर काय म्हणायचं, ते त्या माणसाकडूनच ठरवून घ्या. चिठ्ठीवर ‘एचआयव्ही’ लिहू नका, कोड लिहा. ती खिशातच राहते आणि कपडे धुणाऱ्याच्या हाती लागते.