थंडीत गाल फुटतात, कपाळ मात्र तेलकटच. रूटीनमध्ये काय बदलू?

कर्वेनगरकर
सकाळ-संध्याकाळ २% सॅलिसिलिक अ‍ॅसिडचा फेसवॉश, मग जेल मॉइश्चरायझर, दिवसा एसपीएफ ५०, रात्री एक दिवसाआड अ‍ॅडापलीन ०.१% (मुरुमांवरचं औषध). पावसाळ्यात हे उत्तम चाललं. आता चेहरा धुतला की गाल ओढतात, नाकाच्या कडेला पापुद्रे निघतात आणि साधं मॉइश्चरायझरही चुरचुरतं. सकाळी साडेसातला स्कूटीवर निघते. यात नवीन काय घालू?

मितभाषी
घालू नका, आधी काढा. साधं मॉइश्चरायझर चुरचुरतंय म्हणजे त्वचेचा वरचा स्निग्ध थर विरळ झालाय. चुरचुर पूर्ण थांबेपर्यंत, साधारण एक-दोन आठवडे, सॅलिसिलिक आणि अ‍ॅडापलीन दोन्ही बंद. सकाळी नुसतं पाणी, संध्याकाळी फारसा फेस न होणारं सौम्य क्लेन्झर. पाणी कोमट, कढत नको.

टॉवेलने टिपा, घासू नका, आणि चेहरा ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांत, क्रीम लावा. जेलमध्ये बहुतेक पाणीच असतं. ते उडून जातं आणि पुण्याच्या कोरड्या हवेत खालचा ओलावा धरून ठेवायला वर काही उरत नाही. लेबलवर ग्लिसरीन, सेरामाइड आणि पेट्रोलेटम किंवा डायमेथिकोन शोधा. कपाळ-नाकाला पातळ थर, गालांना दुप्पट.

अ‍ॅडापलीन परत सुरू कराल तेव्हा आठवड्यातून दोनच रात्री: आधी क्रीम, मग सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं अ‍ॅडापलीन, वर पुन्हा क्रीम. नाकपुड्यांच्या आणि ओठांच्या कोपऱ्यांत आधी व्हॅसलीनचं बोट फिरवा. औषध ओघळून तिथेच साचतं आणि तिथेच सोलवटतं.

स्कार्फवाली
स्कूटीचं वेगळं बघा. सकाळी बोचरा वारा, दुपारी चटका देणारं ऊन. थंडी आहे म्हणून सनस्क्रीन कमी करायचं नाही: चेहरा-मानेला दोन बोटं भरून, आणि ते बसायला १५ मिनिटं द्या. लगेच स्कार्फ आवळलात तर निम्मं सनस्क्रीन स्कार्फलाच लागतं. स्कार्फ सुती हवा आणि रोज धुतलेला. आपल्याकडे तोच स्कार्फ आठवडाभर डिकीत कोंबलेला असतो आणि मग हनुवटीवरच्या पुळ्यांचा दोष क्रीमला जातो! ओठांवरून जीभ फिरवू नका, लाळ सुकताना ओठ आणखी उलतात.

भिरंडेल
चेहऱ्याच्या नादात अंग विसरू नका. गीझरचं कढत पाणी आणि वर साबणाने घासणं, पोटऱ्यांना खवले धरतात ते यामुळे. साबण काखा, जांघा, पाय एवढ्यापुरताच. दिवाळीचं उरलेलं उटणं फुटलेल्या अंगाला रगडू नये. खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजतं, म्हणून वाटी गरम पाण्यात ठेवा आणि आंघोळीनंतर ओल्या हातापायांवर चोळा. तेलाने ओलावा येत नाही, असलेला टिकतो. पुळ्या येणाऱ्या कपाळाला मात्र ते लावू नका.

टाचांना रात्री १०% युरियाचं क्रीम, वर सुती मोजे. भेग खोल असेल, रक्त येत असेल तर युरिया झोंबतो. तिथे भिरंडेल (कोकमाचं तेल) पातळ करून भरा. ढेप कडक असते, पळीत जराशी कोमट करावी लागते.

कर्वेनगरकर
धन्यवाद. पापुद्रे भुवयांतही आहेत, जरा पिवळट, चिकट. खाजही येते आणि डोक्यात कोंडा आहे. हेही कोरडेपणामुळेच का?

मितभाषी
मग हा नुसता कोरडेपणा नसावा. सेबोऱ्हिक डर्मटायटिस (तेलकट भागांवर पापुद्रे आणणारा त्वचारोग) असाच दिसतो आणि थंडीत बळावतो. त्यात तेल चोळलं तर वाढू शकतं, कारण त्यामागची मॅलेसेझिया ही यीस्ट तेलावरच पोसते. उपचार अँटीफंगल असतो, बहुधा केटोकोनॅझोल. त्वचारोगतज्ज्ञांना एकदा दाखवाच. मेडिकलवाल्याने सांगितली म्हणून बीटामेथासोन किंवा मोमेटासोन ही स्टेरॉइडं असलेली ट्यूब चेहऱ्याला लावू नका. दोन दिवसांत चेहरा छान दिसतो, बंद केली की दुप्पट लाल होतो.